टेकवलेली खुर्ची

चित्रकार ऑरिन टिस्डेल यांचं पत्र अकरा वर्षं माझ्या पुस्तकात खुणेसारखं पडून होतं. "कॅफेटेरियात तुम्ही रोज समोरची खुर्ची तिरकी करून टेबलाला टेकवून कुणासाठी तरी जागा धरता," त्यांनी लिहिलं होतं, "पण तो माणूस काही येत नाही. मीही एकटाच जेवतो. एखाद्या दिवशी मी बसू का तिथे?" मी पत्राची घडी घालून ती पुस्तकात ठेवली आणि पुढचं पान उलटलं.

काल न्यूयॉर्कच्या संग्रहालयात त्यांचं गाजलेलं चित्र पाहिलं: मी, माझी कॉफी आणि ती टेकवलेली खुर्ची. माझ्या हातातलं पुस्तक मात्र त्यांनी गाळलं होतं. एकटेपणाच्या आड येत असावं. चित्रासमोर ही गर्दी! माहिती सांगणाऱ्या बाई गहिवरून म्हणाल्या, "कधीच न आलेल्या माणसाची ही जागा!" मागून कुणीतरी खेकसलं, "अहो आजोबा, सरका की जरा! तुमच्यामुळे एकटेपणा दिसत नाहीये."

मी सरकलो. दाराशी बाकावर टिस्डेल स्वतः बसले होते, एकटेच. त्यांना कुणी ओळखलंही नव्हतं. मलाही बोलायचा धीर झाला नाही, म्हणून घरी येऊन उत्तर लिहिलं.


आज सकाळी ते टपालपेटीत टाकलं: "कुणी येणारच नव्हतं हो, कुणी समोर येऊन बसू नये, निवांत वाचता यावं, म्हणून मी खुर्ची टेकवत होतो. गुरुवारी एक वाजता, त्याच कॅफेटेरियात, ती सरळ ठेवतो."