पापडाच्या लाट्या

कालिंदीबाईंच्या हाताच्या विळीने कापलेल्या तळव्याला डॉक्टरांनी टाके घातले नाहीत, नुसतं मलम भरलं. त्यातल्या रेणूएवढ्या मोटारी, म्हणजे इवली यंत्रं, उजेड पडला की फिरतात आणि कातडीला कातडी सांधतात. "दिवसातून पाचच मिनिटं उजेड दाखवा, एरवी काळी पट्टी," असं त्यांनी बजावलं होतं.

पण पट्टी बांधलेल्या हाताने उडदाचं पीठ मळता येईना, म्हणून बाईंनी ती सोडली. गच्चीवर पापड लाटणं सुरू झालं, तशी पोरांनी नेहमीसारख्या कच्च्या लाट्या पळवून उन्हात खाल्ल्या.

"जाऊबाई, मलम कुठं गेलं?" धाकट्या जावेने त्यांचा तळवा पाहून विचारलं.

कालिंदीबाईंनी पिठाच्या परातीकडे पाहिलं. पोरांचा कल्ला केव्हाच थांबला होता. जावेने घाबरून लेकीला हाक मारली. ती धावत आली, दोन्ही हातांनी आपले मिटलेले ओठ ओढत.