पाइपावर टेकलेला हात

दादाने बटण दाबलं. यंत्र घुरघुरलं आणि वायरी ओवायचा लोखंडी पाइप चाकाभोवती निमूट वाकू लागला. ‘पाइप वाकतो, पण हा माणूस काही वाकत नाही,’ धाकटा भाऊ मनाशी चडफडला.

सकाळपासून त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दोघांच्या जोडीचा आज शेवटचा दिवस. उद्या धाकटा बिऱ्हाडासकट दुसऱ्या गावच्या कामावर निघणार होता. दादा आज बोलला तर बोलला, नाहीतर ही अढी कायमचीच.

बापामागे दादानेच त्याला वाढवलं, हे कामही त्यानेच हातात दिलं. आणि गेल्या वर्षी चारचौघांत याची जीभ घसरली, ‘तू कुठला माझा बाप लागून गेलास!’ नंतर मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका दुपारी याच यंत्रापाशी, दादाच्या पाठीमागे उभं राहून तो म्हणालाही होता, ‘दादा, चुकलं माझं.’ दादाने मानसुद्धा वळवली नाही. बटण दाबलं आणि पुढचा पाइप वाकवायला घेतला. मग धाकट्यानेही तोंड शिवलं. गेलास उडत!

तेव्हापासून सगळं खुणांवर चाललं होतं. धाकट्याने पाइपावरची रेघ चाकाशी जुळवायची, मान हलवायची. दादाने उजव्या हाताने बटण दाबायचं. डावा तळवा पाइपाच्या मागच्या टोकावर टेकलेला. ही नवीनच ऐट! पूर्वी यंत्राच्या आवाजावरून सांगायचा, किती वाकलाय ते. आता हात ठेवून पाइपाला आशीर्वाद देतो. घरीही तीच तऱ्हा. दोघांच्या खोल्या भिंतीला भिंत लागून, आणि पलीकडे टीव्ही असा कोकलायचा की धाकट्याची पोरं दचकून उठायची. मुद्दाम, दुसरं काय!

त्याने नवा पाइप घातला, रेघ जुळवली, मान हलवली. तेवढ्यात रेघ केसभर सरकलेली दिसली. मान हलवल्यावर हात पुन्हा आत घालायचा नसतो, हे दादानेच शिकवलेलं. पण डोकं ठिकाणावर असेल तर ना! त्याने हात घातला आणि हातमोज्याची कड पाइप नि चाकाच्या मधे गेली.

“थांब! दादा, थांब!”

पार पलीकडे गिलावा करणारे दोघं थाप्या टाकून धावत आले. दादा मात्र चाकावरच्या आकड्यांकडेच बघत होता. हातमोजा आत ओढला जात होता, पाठोपाठ बोटं. जीव घेतो की काय हा! धाकट्याने मोकळ्या हाताने पाना उचलला आणि पाइपावर दाणकन हाणला.

त्याच क्षणी दादाने बटण सोडलं. चाक उलटं फिरवलं. बोटं शाबूत होती.

दादा पांढराफटक पडला होता. “ओरडता येत नव्हतं का रे तुला?” तो सगळ्या मजल्याला ऐकू जाईल एवढ्याने खेकसला.

गिलावावाले एकमेकांकडे बघू लागले. धाकट्याची नजर दादाच्या डाव्या तळव्यावर गेली. तो अजून पाइपावरच होता. मग त्याला टीव्ही आठवला. मग ती दुपार आठवली, आणि ती पाठ.

तो यंत्राला वळसा घालून आला आणि दादाच्या अगदी समोर, उजेडात उभा राहिला.

“दादा, चुकलं माझं.”

दादा त्याच्या ओठांकडे बघत राहिला. मग बाहीने डोळे पुसत म्हणाला, “एवढंच म्हणायला वर्ष लावलंस होय रे, गाढवा?”