पक्की शिफ्ट

मावशींनी घडी घातलेला कागद मॅनेजरपुढे ठेवला. राजीनामा होता.

त्या बर्गरच्या दुकानात माणूस टिकत नव्हता. नवी पोरं गणवेशाची इस्त्री मोडायच्या आत पळायची. त्याच महिन्यात चौघं गेली होती. मावशी मात्र नऊ वर्षं फ्रायरसमोर उभ्या होत्या. तेल बदलायला झालंय हे त्यांना नुसत्या वासावरून कळे. सकाळी सहाला दुकान उघडायचं तेही त्यांनीच. दुसऱ्या कोणाचा भरवसा नव्हता.

"काय झालं, मावशी? कोणी काही बोललं का?"

"छे हो. आमच्या ह्यांना हल्ली काही आठवत नाही. दुपारनंतर तर मला ओळखतसुद्धा नाहीत. पण सकाळी सातला उठले की तास-दोन तास अगदी पहिल्यासारखे असतात. मला हाका मारतात, थट्टा करतात. आणि मी तेव्हा इथे." मावशी कसनुसं हसल्या. "काल माझ्या घोरण्याची नक्कल केली म्हणे. शेजारणीने सांगितलं."

दुपारची पक्की शिफ्ट त्यांनी तीनदा मागितली होती. पण शिफ्टचा तक्ता मुख्य कार्यालयातून यायचा, आणि त्यात मावशी कायम सकाळी सहालाच असायच्या.

"एक महिना द्या मला," मॅनेजर काकुळतीला येऊन म्हणाला. "दुपारची शिफ्ट मिळवून देतो. शब्द देतो तुम्हाला."

मावशींनी क्षणभर त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग कागद उचलून एप्रनच्या खिशात टाकला आणि कामाला लागल्या.

मॅनेजरने खरंच पिच्छा पुरवला. एकाला दिली की सगळेच मागतील, असं पहिलं उत्तर आलं. मग अर्ज चुकीच्या नमुन्यात आहे म्हणून परत आला. तिसऱ्या महिन्यात एक साहेब कसेबसे तयार झाले, तर तेच नोकरी सोडून गेले. दर शनिवारी नवा तक्ता यायचा. मॅनेजर तो भिंतीवर लावायचा आणि मावशींची नजर चुकवून आत जायचा. सुरुवातीला त्या विचारायच्या. पुढे विचारेनाशा झाल्या. बाई समजूतदार आहेत, असं त्याला वाटलं.

पाचव्या महिन्यात मंजुरी आली. तो जवळजवळ धावतच स्वयंपाकघरात गेला.

"मावशी, झालं काम! सोमवारपासून दुपारी दोनची शिफ्ट. कायमची! सकाळ तुमची."

मावशींनी जाळी वर उचलली. तेल निथळू दिलं.

"राहू दे, साहेब. सहाचीच ठेवा."

"अहो, पण काका..."

"तीन आठवडे झाले. आता सकाळीही ओळखत नाहीत. मी समोर गेले की अदबीने उठून उभे राहतात. 'बसा बाई,' म्हणतात."

बाहेर काउंटरवरून कोणीतरी ओरडून ऑर्डर सांगितली. मॅनेजरचा उतरलेला चेहरा पाहून मावशींनाच वाईट वाटलं. धाकट्या भावाची समजूत घालावी तशा मायेने त्या म्हणाल्या,

"काळजी करू नका, साहेब. आता मी कुठेही जायची नाही."