याआधी कधी आला होतात?

विदोसावानं दुब्रोवनिकच्या दोन रात्री जवळजवळ पक्क्या करत आणल्या होत्या. जूनचा दुसरा आठवडा, तटबंदीच्या आतलं घर, वरच्या मजल्यावरची खोली. लग्नाला पंचवीस वर्षं होणार होती आणि त्यांच्या निक्शिचहून गाडीनं तीन तासांवर, सीमेपलीकडे असलेलं ते जुनं शहर तिनं अजून पाहिलं नव्हतं. दर उन्हाळ्यात तिचा नवरा रादोये म्हणायचा, समुद्रच बघायचा ना, मग आपल्याच किनाऱ्यावरचं बुडवा गाव काय वाईट आहे? या वर्षी तिनं त्याला विचारलंच नाही. फोन टेबलावर ठेवून, आवाज मोठा करून ती घरमालकिणीशी बोलत होती आणि हातानं घेवड्याचे दाणे निवडत होती. रादोये समोर बसला होता. त्याची कॉफी केव्हाच गार झाली होती.

"पायऱ्या फार आहेत हं," फ्रानित्साबाई म्हणाल्या. आवाज म्हातारा, पण खणखणीत. "गुडघे कसे आहेत?"

"माझे ठीक आहेत. नवऱ्याचे विचारू नका. तो खुर्चीतून उठतानासुद्धा आईला हाक मारतो."

बाई हसल्या. "आणि याआधी कधी आला होतात इकडे? म्हणजे वाट किती समजावून सांगायची ते मला कळेल."

"छे. मी नाही, हाही नाही."

"मी आलोय," रादोये म्हणाला.

विदोसावाचा हात थांबला. "तू? कधी?"

शाळेच्या सहलीला, असं म्हणता आलं असतं. शब्द तोंडाशी आलेही होते. पण मग ते खोटं घेऊन दोन रात्री त्या बाईच्या छपराखाली झोपायचं आणि सकाळी तिच्या हातची कॉफी प्यायची.

"एक्क्याण्णव साली, बाई," तो फोनकडे बघत म्हणाला. "तुमच्या शहराला आमच्या सैन्याचा वेढा पडला होता तेव्हा. मी बाहेरच्या बाजूला होतो. वर, डोंगरावर."

पलीकडे लांबवर भांडी वाजली. म्हणजे फोन ठेवलेला नव्हता.

"तू तर म्हणाला होतास, सैन्याच्या भटारखान्यात होतो," विदोसावा हळूच म्हणाली.

"भटारखान्यात दहा दिवस होतो."

"तोफा डागल्यात?" फ्रानित्साबाईंनी विचारलं.

"नाही. गोळ्यांच्या पेट्या वाहिल्या. ट्रकपासून तोफेपर्यंत. त्यानं फरक पडतो असं मी म्हणत नाही."

"पडत नाहीच."

"खोली राहू द्या, बाई. दुसरं कुणीतरी मिळेल तुम्हाला. माझ्या बायकोला यातलं काही माहीत नव्हतं, तिच्यावर राग धरू नका."

"खोली कुणाला द्यायची ते माझं मी बघेन. वय काय होतं तुमचं?"

"बावीस."

"माझा मुलगा नीको वीसचा होता. तटाच्या आत, बंदूक घेऊन."

रादोयेनं डोळे मिटले. पुढचं विदोसावानंच विचारलं, "आता कुठं असतो?"

"कुठं असणार? बंदरात बोटी दुरुस्त करतो. टक्कल पडलंय, तीन मुली आहेत, आणि बायकोचं ऐकत नाही तसं माझंही ऐकत नाही."

टेबलाखाली रादोयेनं हात गुडघ्यांवर दाबून धरले होते. ते त्यानं वर आणून टेबलावर ठेवले.

"छप्पर मात्र गेलं होतं," फ्रानित्साबाई म्हणाल्या. "त्याच खोलीचं. आता नवी कौलं आहेत, गळत नाही, त्याची काळजी नको. पण आधीच सांगून ठेवते. पहिल्या संध्याकाळी मी तुम्हाला एकट्याला बसवून काही विचारणार आहे. उत्तरं द्यावी लागतील."

"देईन."

"मग या. आणि येताना तुमच्याकडचं डोंगरातलं चीज आणा. युद्धाआधी तुमच्या बाजूची एक बाई दर शुक्रवारी आमच्या बाजारात घेऊन यायची. मग आलीच नाही."

फोन बंद झाला. खिडकीबाहेर शेजारीण गालिचा झटकत होती, तो आवाज बराच वेळ येत राहिला.

"पंचवीस वर्षं," विदोसावा म्हणाली.

"हो."

निवडायच्या दाण्यांचा ढीग तिनं हातानं मधोमध कापला आणि अर्धा त्याच्यापुढं सरकवला. रादोये चष्मा लावून दाणे निवडू लागला. किडका बाजूला, चांगला वाडग्यात. तिच्याकडे बघायचा धीर यायला त्याला अर्धा वाडगा भरावा लागला.

"चीज कुठलं न्यायचं?" त्यानं विचारलं. "ताजं की मुरलेलं?"

"दोन्ही घे," ती म्हणाली.