जहागीरदारांचं दुखणं

मनस्विनी टाकीच्या काचेला नाक लावून मासा पाहत होती आणि सुनंदाबाई मनस्विनीला पाहत होत्या.

मासा म्हणजे केशरी रंगाचा, भरल्या अंगाचा गोल्डफिश. त्याचा तोरा पाहून सयाजीने, म्हणजे सुनंदाबाईंच्या मुलाने, त्याचं नाव जहागीरदार ठेवलं होतं. गेल्या आठवड्यात जहागीरदारांच्या गालफडांवर आणि पुढच्या परांवर पांढरे ठिपके उठले. खाण्यात काही कमी नव्हतं. उलट टाकीतल्या दुसऱ्या मासोळीच्या मागे स्वारी दिवसभर हिंडत होती. पण ठिपके ते ठिपकेच. परजीवी लागलेत, नेमकं औषध मिळालं नाही तर अख्खी टाकी जाईल, असं सयाजीने तोंड पाडून आईला सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी सयाजीने एकदाच विषय काढला होता. “आई, एक मुलगी आहे,” एवढंच तो बोलला आणि सुनंदाबाईंनी हात वर करून त्याला थांबवलं. या घरात सून येईल ती मी निवडलेली, त्या मुलीचं नावसुद्धा माझ्या कानावर घालू नकोस. त्याने घातलं नाही. पण त्यानंतर आईने दाखवलेल्या एकाही मुलीकडे त्याने मान वर करून पाहिलं नाही. महादेवपुऱ्याच्या ऑफिसातून आला की टाकीसमोर बसायचा. पस्तिशी दारात येऊन उभी राहिली. मुलगा जन्मभर माशांशीच संसार करणार, या काळजीने सुनंदाबाईंच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

नेमकं त्याच आठवड्यात हळदीकुंकवाला आलेली वरच्या मजल्यावरची रूपश्री बोलता बोलता म्हणाली, की शहराबाहेर होसकोट्याजवळ माशांची एक डॉक्टर आहे. मराठी आहे, आपल्यातलीच, आणि अजून लग्न व्हायचंय.

सुनंदाबाईंना आणखी काय हवं होतं? त्यांनी नंबर घेतला आणि फोन केला. माशाचं दुखणं हे निमित्त. मुलीला कळणार नाही, मुलाला कळणार नाही आणि बघण्याचा कार्यक्रम गुपचूप उरकेल. स्वतःच्या हुशारीवर त्या बेहद्द खूश होत्या.

मनस्विनी दारात चपला काढतानाच म्हणाली, “कुठे आहेत जहागीरदार?” फोनवर आपणच नाव सांगितलं असणार, आणि पोरीने ते ध्यानात ठेवलं, म्हणून सुनंदाबाईंनी तिला मनातल्या मनात पहिला गुण देऊन टाकला.

सयाजीने परक्या बाईला करावा तसा दुरूनच नमस्कार केला. सुनंदाबाईंचं मन खट्टू झालं. पण पाचच मिनिटांत औषधावरून दोघांची अशी जुंपली की त्या हातातला चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभ्या राहिल्या.

सयाजीचं म्हणणं, तांब्याचं औषध घालू. ती म्हणाली, टाकीतल्या गोगलगायी एका दिवसात मरतील. मग तो हिरव्या औषधाच्या थेंबांवर आला. तळाशी वाळूत लपणारा बिनखवल्यांचा मासा आहे, त्याला ते सोसणार नाही, असं तिने सांगितलं. पाणी तापवू म्हटलं तर गोल्डफिश थंड पाण्यातला, त्याला उगाच त्रास. तो एकेक औषध पुढे करत होता आणि ती ते बाजूला सारत होती. एवढे शब्द हा वर्षभरात कुठल्या बाईशी बोलला नसेल, हे सुनंदाबाईंच्या लक्षात आलं.

“मग द्यायचं काय?” शेवटी सयाजीने विचारलं.

“जाड्या मिठाचं पाणी. वेगळ्या टबात, स्वल्प वेळ.” मनस्विनी सुनंदाबाईंकडे वळली. “पण किती मीठ नि किती वेळ, ते माशाकडे बघून ठरवावं लागतं. मला दर रविवारी यावं लागेल, काकू.”

“सरी, ये की,” सुनंदाबाई इथल्या कानडी सवयीने म्हणाल्या. आनंद चेहऱ्यावर दिसू नये म्हणून त्यांना ट्रेकडे बघावं लागलं.

रविवारमागून रविवार गेले. जहागीरदारांना मिठाची आंघोळ मिळत राहिली आणि मनस्विनीला जेवणाचा आग्रह. ती सुनंदाबाईंच्या मागे स्वयंपाकघरात येई, पुरणाचं प्रमाण विचारी, निघताना वाकून नमस्कार करी. ठिपके काही हलले नाहीत. खरं सांगायचं तर, ते इतक्यात जाऊ नयेत असंच सुनंदाबाईंना वाटू लागलं होतं.

शेवटी त्यांनी मुलीच्या आईवडिलांशी परस्पर बोलून घेतलं आणि सयाजीला समोर बसवलं.

“ही मी निवडलेली आहे. हिला नाही म्हणालास तर माझ्याशी गाठ आहे.”

सयाजीने पायाच्या अंगठ्याकडे बघितलं. “तू म्हणशील तसं, आई,” तो म्हणाला.

त्यांचे डोळे भरून आले. दोन वर्षांचा तिढा सुटला, तोही त्यांचा शब्द राखून. हे काम आपल्याशिवाय कुणाला जमलं नसतं, असं त्यांनी देवापुढे दिवा लावताना देवालाही सांगितलं.

साखरपुडा घरीच होता. पाहुण्यांना ठिपक्यांचा मासा दिसायला नको, आणि सुनेनं तरी किती दिवस मीठच वापरायचं, म्हणून आदल्या दिवशी सुनंदाबाई गल्लीच्या टोकाला मल्लाप्पाच्या दुकानात गेल्या. सयाजी माशांचं खाणं तिथूनच आणायचा. मोबाइलवरचा फोटो पुढे करून त्यांनी चांगलं जालीम औषध मागितलं.

मल्लाप्पाने फोटो मोठा करून पाहिला आणि हसला.

“औषध कशाला, अक्का? हा रोग नाही. नर मासा आहे, जोडी जमवायचे दिवस आले की गालावर असे ठिपके येतात, दिवस सरले की जातात. मला पण ठाऊक नव्हतं.” त्याने मोबाइल परत त्यांच्या हातात दिला. “दोन वर्षांमागे तुमचा सयाजी आणि डॉक्टर मनस्विनी अम्मा मिळून हा मासा निवडत होते ना, तेव्हा त्यांनीच सांगितलं.”