शेवटच्या ओळीआधी

आमचे वडील इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या एका गावाचे अँग्लिकन, म्हणजे प्रोटेस्टंट, धर्मगुरू आहेत. या ख्रिसमसपासून ते घरच्या प्रार्थनेत शेवटच्या ओळीआधी क्षणभर थांबतात. मी डॉक्टर आहे. त्यांची नाडी, वाचा आणि स्मरणशक्ती तपासली. दोष आढळला नाही.

प्रवासवर्णने लिहिणारा माझा भाऊ पियर्स ख्रिसमसला मेक्सिकोहून परतला, तेव्हा घर आनंदाने नुसते उसळत होते. बूट काढायच्या आत त्याने तिथे पाहिलेला निम्मा ज्वालामुखी सांगून टाकला. मग आम्ही प्रार्थनेला बसलो. शेवटची ओळ यायच्या आतच पियर्स मोठ्याने ‘आमेन’ म्हणाला आणि पांढराफटक पडला.

बाबांनी प्रार्थना पूर्ण केली. “ओळ खाल्लीस का रे?”

“नाही, बाबा. कॅथलिकांची प्रार्थना तिथेच संपते. मी कॅथलिक झालोय. जाऊ का मी?”

“बदक भाजून तयार आहे आणि हा निघाला!” आई कडाडली.

“जन्मभर मी ज्यांच्याविरुद्ध प्रवचनं झोडली, नेमका त्यांच्यात गेलास?” बाबा म्हणाले.

“हो.”

“गाढवा, बस खाली. तो ज्वालामुखी अर्धाच फुटलाय अजून.”

आज न्याहारीनंतरच्या प्रार्थनेत मी डोळे उघडे ठेवले. बाबा थांबले. तेवढ्यात पियर्सचे ‘आमेन’ म्हणून झाले. मग बाबांनी आपली शेवटची ओळ म्हटली.

निदान असे: ते मुलाच्या ‘आमेन’साठी जागा ठेवतात.