आंबट लागतं का?

"वर आलेलं आंबट लागतं का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

चिमणीने आधी आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो. आंबटच."

खोटं होतं ते, आणि पाठ करून आणलेलं होतं. सोळा वर्षांच्या या पोरीने खरंही सांगून पाहिलं होतं, दोन वर्षांपूर्वी, फक्त आईला, अगदी विश्वासाने. जेवल्यावर पाच-दहा मिनिटांत घास आपोआप वर येतो, मळमळ नाही की काही नाही, आणि आंबटसुद्धा लागत नाही, जेवताना लागला तस्साच लागतो. मग ती चावते आणि परत गिळते. आईने सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते मावशीला कळलं, आणि आठवड्याच्या आत आईच्या गाण्याच्या क्लासला येणाऱ्या मुलांच्या आयांनाही. आजार असता तर आंबट नसतं का लागलं, आई सगळ्यांना विचारायची. नाटकं नुसती, बारीक व्हायची! पोरगी चोरून ओकते या संशयाने न्हाणीघराची आतली कडी तिने तेव्हाच काढून टाकली. चिमणीने कानाला खडा लावला. पुढच्या तिन्ही डॉक्टरांना तिने आंबटच सांगितलं, त्यांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या, आणि गोळ्यांनी काडीचा फरक पडला नाही. पडणार तरी कसा?

या डॉक्टरीणबाईंनी मात्र काही लिहिलं नाही. आपल्या डब्यातून ब्रेडच्या दोन स्लाइस आणि एक केळं काढलं, चिमणीच्या पुढ्यात ठेवलं आणि इथेच खा म्हणाल्या. आई खुर्चीत सावरून बसली. आता कळेल यांनाही, असा तिचा थाट होता.

चिमणीने खाल्लं. भिंतीवरच्या घड्याळात सात मिनिटं झाली. मग तिचं पोट आत गेलं, घसा हलला, गाल भरले. तोंड लपवायला जागाच नव्हती. तिने चावलं, गिळलं, आणि लाजेने तिचे कान तापले. आईने तोंड फिरवलं.

डॉक्टरीणबाईंनी फिरवलं नाही. "आंबट असतं ना, तर असं चावून गिळवलं नसतं बाळा," त्या म्हणाल्या. "खरं सांग, कसली चव लागली?"

या वेळी चिमणीने आईकडे पाहिलं नाही.

"केळ्याची."

"बघा," आई म्हणाली. "दोन वर्षं मी हेच सांगतेय."

"अहो, हीच तर या आजाराची खूण आहे."

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. पोटाच्या स्नायूंना जेवल्यावर आवळायची सवय लागलेली असते, जिची तिलाही ती कळत नाही. अन्नात आंबटपणा उतरायच्या आत ते वर ढकललं जातं, म्हणून चव बदलत नाही. मुद्दाम कुणी करत नाही. याला उपाय गोळ्यांचा नाही, श्वासाचा. जेवण झालं की एक हात छातीवर ठेवायचा, एक पोटावर. छातीवरचा हलता कामा नये, पोटावरचा वर यायला हवा. पोट असं फुलत असताना त्याला आवळता येत नाही. रोज केलं तर हळूहळू सवय मोडते.

आईचा चेहरा एकदम उजळला. अहो, हे तर मी वीस वर्षं शिकवतेय, म्हणत ती उठलीच. चिमणीच्या पोटावर हात ठेवून क्लासातल्या आवाजात म्हणाली, "खांदे खाली. श्वास पोटातून."

चिमणीला हे शब्द तोंडपाठ होते. आठव्या वर्षी, हिच्या गळ्यात सूरच नाही म्हणून आईने तिला क्लासातून उठवलं, तेव्हापासून ती ते दाराबाहेरून ऐकत आली होती. लोकांच्या मुलांच्या पोटांवर हा हात किती हलका पडतो, तेही तिने फटीतून पाहिलं होतं.

डॉक्टरीणबाई खूश झाल्या. मग काय, घरी आईच करून घेतील, म्हणाल्या.

"घेईन की," आई म्हणाली. "आणि काय गं, मला आधीच नीट सांगायचं होतंस ना."

"सांगितलं होतं."

चिमणीने पोटावरचा आईचा हात मनगटाला धरून उचलला आणि बाजूला केला.

"तुम्हीच शिकवा, डॉक्टर. आईच्या क्लासात बेसूर मुलं घेत नाहीत."

आई खुर्चीत जाऊन बसली. चिमणीने आपलाच हात पोटावर ठेवला. डॉक्टरीणबाई सावकाश आकडे मोजू लागल्या, आणि चौथ्या श्वासाला पोरीचं पोट वर आलं. खुर्चीतल्या आईचे खांदे मात्र पार कानांपर्यंत चढले होते. खाली घ्या, असं तिला कुणी म्हणालं नाही.